धुंडिराजशास्त्र्यांचा धाकटा ग्रह

चंदनगडच्या राज्यात धुंडिराजशास्त्री नावाचे एक ज्योतिर्विद राहत होते. ते कुणाचे भविष्य सांगत नसत. आकाशात काय कुठे आहे आणि ते कसे सरकते, एवढेच मोजून लिहून ठेवत. सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात, हे त्या राज्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ होते. शास्त्रीबुवांना अठ्ठाविसाव्या वर्षी नववा सापडला. अगदी बारीक, मंद ठिपका. सात महिने त्याच्या जागेची खूण करत राहिल्यावर त्यांची खात्री पटली की हा तारा नाही, हा चालतो आहे.

त्याच आठवड्यात राजवाड्यात युवराजांचा जन्म झाला. राजाने दोन्ही आनंद एकदमच साजरे केले. नव्या ग्रहाला लोक लाडाने ‘धाकटा’ म्हणू लागले. शास्त्रीबुवांना दरबारात पहिले आसन मिळाले आणि दर चैत्रात त्यांची पालखीतून मिरवणूक निघू लागली.

अशी चाळीस वर्षे गेली. युवराज महीपती आता राजे झाले होते. शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते. तरी बाजारातून जाताना एखादी आई आपल्या मुलाला सांगे, “बघ, धाकटा यांनी शोधला.” शास्त्रीबुवा ऐकू न आल्यासारखे करत, पण पुढे घरापर्यंत त्यांची चाल ताठ होई.

एके दिवशी त्यांच्याकडे मैना नावाची तरुणी आली. तिचे वडील चष्म्याची भिंगे घासत. तिने स्वतः दोन वर्षे खपून दुर्बिणीचे एक मोठे भिंग घासले होते. तिच्या काखेत कागदांची गुंडाळी होती.

“शास्त्रीबुवा, धाकट्याच्या मागेपुढे मला आणखी पाच दिसतात,” ती म्हणाली. “त्याच वाटेवर. माझ्या भिंगात दोष असेल तर तो तुम्हीच ओळखाल, म्हणून आले.”

शास्त्रीबुवांना आधी हसू आले. मग त्यांनी कागद उलगडले आणि त्यांचे हसू थांबले. प्रत्येक ठिपक्याशेजारी तारीख होती, वेळ होती, आणि ढगाळ दिवसांची जागा प्रामाणिकपणे कोरी सोडलेली होती. त्यांनी मैनाचे भिंग आपल्या दुर्बिणीला बसवून घेतले आणि महिनाभर स्वतः पाहिले. पाचही ठिपके खरे होते. त्यातला एक तर धाकट्याहून मोठा होता.

आता प्रश्न उभा राहिला. हे पाच ग्रह असतील तर ग्रह चौदा झाले. आणि हे ग्रह नसतील, तर मग धाकटा कोण?

बातमी दरबारात पोचली. राजांनी शास्त्रीबुवांना बोलावून घेतले. दिवाणजीही तिथे होते.

“मी आणि धाकटा एकाच आठवड्यातले,” राजे म्हणाले. “लहानपणी मी आजारी पडलो की आईसाहेब उशाशी बसून सांगायच्या, तुझ्यासाठी आकाशात एक ग्रह जास्तीचा आलाय. तो ग्रहच नाही असं तुम्ही सांगितलंत, तर मला ते जड जाईल. तुमच्यापासून लपवत नाही.”

दिवाणजी पुढे सरकले. “वाद हवाच कशाला? त्या पाचांनाही ग्रह म्हणून टाका. तुमचा धाकटा राहील, महाराज समाधानी राहतील, त्या मुलीलाही पाच ग्रहांचा मान मिळेल. नाहीतर भिंगात दोष आहे म्हणा, ती आपल्या गावी निघून जाईल. यात कुणाचं काय जातं?”

“आठ दिवसांनी दरबारात सांगा,” राजे म्हणाले. “तुमचा शब्द अखेरचा.”

शास्त्रीबुवा घरी आले आणि पाटी घेऊन ओटीवर बसले. ग्रह म्हणजे काय, हे त्या राज्यात कुणी कधी लिहूनच ठेवले नव्हते. आठ होते, वाडवडिलांपासून होते, म्हणून कुणी विचारलेही नव्हते.

त्यांनी लिहिले, ‘सूर्याभोवती फिरतो तो ग्रह.’ पण मग धूमकेतूही ग्रह ठरत होता. त्यांनी पुढे जोडले, ‘आणि चेंडूसारखा गोल असतो तो.’ धाकटा बसला, पण मैनाचे पाचही बसले. ‘धाकट्याहून लहान नसतो तो’ असे लिहिले, तर त्यांपैकी एक मोठा होताच. शेवटी त्यांनी ‘जो आधी सापडला तो’ असे लिहिले आणि स्वतःच ओशाळून पुसून टाकले. चार दिवस असेच गेले. धोतरावर खडूची भुकटी, जेवणाकडे लक्ष नाही.

त्यांच्या पत्नी सगुणाबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारले, “एवढं काय लिहिताय?”

“ग्रहाची व्याख्या.”

सगुणाबाईंनी पाटीकडे पाहिले. “ग्रहाची लिहिताय, की धाकट्याची?”

शास्त्रीबुवांना राग आला. ते उठले आणि अंगणात येरझारा घालू लागले. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. थोड्या वेळाने त्यांनी आपले चाळीस वर्षांचे कागद बाहेर काढले आणि मैनाच्या कागदांशेजारी पसरले. या वेळी त्यांनी धाकट्याला बाजूला ठेवून फक्त आठांकडे पाहिले. त्या आठांत एक गोष्ट सारखी होती. प्रत्येकाने आपली वाट झाडून मोकळी केली होती. त्या वाटेवर त्याच्या तोडीचे दुसरे काही उरले नव्हते. धाकटा मात्र गर्दीतून चालत होता. कोण जाणे त्या गर्दीत आणखी किती होते.

त्यांनी पाटीवर लिहिले, ‘सूर्याभोवती फिरतो, गोल असतो, आणि ज्याने आपली वाट मोकळी केलेली असते, तो ग्रह.’ मग वाचले. धाकटा त्यात बसत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. उपरण्याने डोळे पुसून त्यांनी तेच वाक्य कोऱ्या कागदावर उतरवून घेतले.

आठव्या दिवशी दरबार भरला. मैना मागच्या बाजूला बसली होती. शास्त्रीबुवांनी उभे राहून ते वाक्य वाचले आणि म्हणाले, “म्हणून ग्रह आठच. मैनाचे पाच ग्रह नाहीत आणि माझा धाकटाही नाही. या सहांना आपण बटुग्रह म्हणू. मैनाचं भिंग निर्दोष आहे. माझ्या भिंगापेक्षा चांगलं आहे.”

दरबारात कुजबुज झाली. दिवाणजी म्हणाले, “चौदा म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?”

“उद्या हिच्याहून चांगलं भिंग कुणी घासेल. मग पन्नास होतील, पुढं शंभर. माझा धाकटा आत राहावा म्हणून दर वेळी मी रांग वाढवत बसू का?”

“म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत.”

“नाही, दिवाणजी,” शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. “चाळीस वर्षं मला जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. आता जास्त दिसतंय. आता जुनंच सांगितलं, तर ते खोटं होईल.”

राजे उठून आत गेले आणि दरबार तसाच मोडला.

पायऱ्यांवर मैना शास्त्रीबुवांची वाट पाहत उभी होती.

“तुझे पाच ग्रह गेले,” ते म्हणाले. “वाईट वाटलं?”

“थोडं वाटलं,” मैना म्हणाली. “पण माझे पाच काही महिन्यांचेच होते. तुमचा चाळीस वर्षांचा.”

शास्त्रीबुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “उद्यापासून माझ्या दुर्बिणीवर येत जा. माझे डोळे आता थकलेत. मला दिसत नाही ते तू सांग.”

घरी सगुणाबाईंनी ताट मांडले होते. “किती ठरले?” त्यांनी विचारले.

“आठ.”

“बरं. भात वाढू?”

शास्त्रीबुवा पोटभर जेवले. वर भात मागून घेतला. मान गेल्यावर आतून रिते रिते वाटेल असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखे झाले, आणि आडवे होताच त्यांना झोप लागली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागण झाल्यावर राजे एकटेच शास्त्रीबुवांच्या दारात आले. बरोबर ना शिपाई, ना दिवाणजी. “मला ते पाच बघायचेत,” एवढेच म्हणाले.

मैनाने दुर्बीण लावून दिली. राजांनी आधी धाकटा पाहिला. मग मैना नळी थोडी थोडी सरकवत गेली आणि राजे एकेक ठिपका बघत गेले. सगळ्यात मोठ्यापाशी ते बराच वेळ थांबले.

“हे सगळे इतकी वर्षं तिथंच होते?”

“होते, महाराज,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आपल्याला दिसत नव्हते.”

राजांनी मैनाला पुन्हा धाकट्याकडे नळी वळवायला सांगितली. बघता बघता त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

“बरं झालं,” ते हळू आवाजात म्हणाले. “लहानपणी मला फार वाटायचं, तो तिकडं अगदी एकटा आहे.”

तात्पर्य: नवे सत्य समोर आले की आपला जुना शब्द मागे घ्यायला लाजू नये, मग त्यात आपला मान गेला तरी चालेल.