पाण्याची हाक

एकदा एका गावाने समुद्रापासून हजार मैलांवर, कोरड्या ठणठणीत माळावर, पूर अडवण्यासाठी बांध घातला. हसू नका. ही माणसे मूळची हॉलंडची. तिकडे जमीन समुद्राच्या पातळीखाली, आणि बांध फुटला की गाव गेलेच म्हणून समजा. अमेरिकेतल्या त्या अफाट गवताळ प्रदेशात आल्यावर त्यांनी घरांच्याही आधी गावाभोवती दीड पुरुष उंचीचा मातीचा बांध उभारला आणि त्यात एकच लाकडी दार ठेवले.

दाराचा नियम मोठा कडक होता. हिमवादळाने क्षितिज पांढरे झाले, की पाणी आले असे समजून दार लावायचे. सगळ्या गावाने दाराला पाठ लावून उभे राहायचे. बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या, तरी उघडायचे नाही. कारण पाणी लबाड असते, ते आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, असे तिथे लहानथोर सगळे मानीत. वादळानंतर बांधाबाहेर कोणी गारठून मेलेले सापडले, की लोक म्हणत, पाणी आले आणि याला घेऊन ओसरले.

विब्रन आजोबा या दाराचे रक्षक. वय ऐंशीच्या घरात, शब्द गावात प्रमाण. आपल्यामागे दार कोणी सांभाळावे म्हणून त्यांनी रेनस्का नावाच्या तरुण बाईला शिष्या केले होते. ती हुशार होती. आभाळ वाचायला शिकली, अडसर घालायला शिकली. एकदा मात्र तिने विचारले, "आजोबा, पाण्याला आपल्या माणसांची नावं कशी हो कळतात?" आजोबा उठून दाराचा अडसर तपासायला गेले.

त्या हिवाळ्यात एका भर दुपारी आभाळ आणि माळ एक झाले. हात पुढे केला तर बोटे दिसेनात. रेनस्काने घंटा वाजवली, माणसे धावत आली, तिनेच अडसर घातला. मग तिने एकेक चेहरा पाहिला. तिचा नवरा येल्मर गुरांमागे बाहेर गेला होता, आणि पाठी लावून उभ्या असलेल्या माणसांत तो नव्हता.

घटकाभराने दारावर थाप पडली. अगदी सावकाश.

"रेनस्का... अगं, दार उघड."

आवाज येल्मरचाच होता. सगळे गाव थिजले. कोणीतरी पुटपुटले, "आलं. पाणी आलं." रेनस्का अडसराकडे झेपावली, तशी चौघांनी तिला धरले.

"वेडी झालीस काय? तो तुझा नवरा नव्हे, सगळ्यांना बुडवशील!"

"रेनस्का, माझे पाय गेले गं," बाहेरचा आवाज म्हणाला. आता तो दाराच्या पार खालून, जमिनीलगत येत होता.

"सोडा मला! आजोबा, तुम्ही तरी सांगा यांना!" ती किंचाळली.

तेव्हा विब्रन आजोबा गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी स्वतःच अडसर ओढला. लोकांनी आक्रोश केला, आयांनी पोरांना खांद्यावर उचलून घेतले. दार उघडले. आत थोडा बर्फ आला, आणि बर्फाबरोबर येल्मर, उंबऱ्यावर पालथा पडलेला. पाण्याचा थेंबही नव्हता. रेनस्काने त्याला छातीशी ओढले, तेव्हा त्याचा श्वास चालू होता.

रेनस्काने विचारले, "आजोबा, बाहेर पाणी नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वी दारावर मी एकटाच होतो, आणि असाच एक आवाज मला नावानं हाक मारत होता. माझा धाकटा भाऊ. मी भ्यालो, दार उघडलं नाही. वादळ शमल्यावर तो इथंच सापडला. लोक विचारू लागले, तू तर दारापाशीच होतास ना, हाक ऐकू आली नाही का? तेव्हा मी सांगितलं की हाक आली होती, पण ती त्याची नव्हती, पाण्याची होती. पाणी आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारतं, हे पूर्वजांचं वचन नाही, पोरी. ते मी रचलं. लोकांनी माना डोलावल्या आणि मी सुटलो. पुढं ते तुम्ही पोरांना शिकवू लागलात. आज तुझ्या तोंडाकडे बघून मला ते सोसवेना."

माणसे एकेक करून दारापासून दूर झाली. एक म्हातारी बाई तेवढी जागची हलली नाही.

"विब्रन," ती म्हणाली, "माझ्या लेकानं तीन वेळा हाक मारली होती. मी कानांत बोटं घालून उभी राहिले. तू माझ्या शेजारी उभा होतास."

विब्रन आजोबा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

अशी वचने आपल्याही घरात असतात. ती पुढच्या पिढीच्या कानात घालण्याआधी एकदा विचारावे, पहिल्यांदा हे कोण बोलले, आणि त्या वेळी दाराबाहेर कोण होते?