हंसांची शिदोरी

पूर्वी पद्मवती नगरात सुतेज राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या राजतळ्याचा राखणदार होऊन जन्मला होता. पहाटेच्या धुक्यात तो काठावर बसे, जिभेने हलकेच टक टक करी, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस पाण्यावरून तरंगत त्याच्यापाशी येत.

राणी शैलवती उत्तरेच्या डोंगरापलीकडची. लग्नाला सात वर्षं झाली, माहेर काही दिसलं नव्हतं. हिवाळाभर ती तळ्याकाठी बसून हंस पाही. तेवढं पाहतानाच काय ती हसायची.

चैत्र लागला. हंस उत्तरेकडे तोंड करून बसू लागले. राजा घाबरला. हे गेले की राणीचं हसूही जाणार! त्याने पोत्यांनी भात टाकायला लावला. हंस पोटभर खात आणि पुन्हा उत्तरेकडे बघत. शेवटी त्याने राखणदाराला हुकूम सोडला, "उद्या नेहमीसारखं त्यांना जवळ बोलाव. जाळं टाकू, पंख कापू."

घरी राखणदाराची बायको चंपा म्हणाली, "बोलवा की मुकाट्यानं! जीभ काय झिजणार आहे? चाकरी गेली तर तुमचे हंस आपल्याला जेवू घालणार आहेत होय?"

"चंपे, त्या हाकेवर विश्वासून येतात गं ते."

चंपा भाकरी थापता थापता थांबली.

सकाळी जाळं तयार होतं. राजाने खूण केली. बोधिसत्त्व गप्पच.

"बोलाव म्हणतो ना!"

"महाराज, शिक्षा करा, पण हाक मारणार नाही. आणि भाताने ते थांबायचे नाहीत. लांबचा पल्ला, अंगात बळ हवं. नकळत तुम्ही त्यांना माहेरच्या वाटेची शिदोरीच बांधून दिलीत."

"मला नाही कुणी दिली," काठावर बसलेली राणी हळूच म्हणाली.

राजाने आपल्या हातांनी जाळं गुंडाळलं.

ऊन चढायच्या आत थवा उठला. सावल्या पाण्यावरून सरकत गेल्या आणि तळं एकदम मोठं दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच दिशेला राणीची पालखी निघाली. शिदोरी राजाने स्वतः बांधली होती. गाठ वेडीवाकडी होती, पण राणीने ती सोडून पुन्हा बांधली नाही.

कार्तिकात हंस परतले. त्यांच्यामागे आठ दिवसांनी राणीही.

एवढं सांगून शास्ता बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आपला आनंद, राणी ती भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि हाक न मारणारा राखणदार मीच होतो. जीव लावलेल्याला वाट मोकळी करून द्यावी, यालाच मैत्री म्हणतात."