काडेपेटी मंडळाची वेबसाइट आणि केरबा

एका गावात एक भोळा केरबा होता. भोळा म्हणजे किती? तर "दाराकडं बघ" म्हटलं की दिवे लागेपर्यंत दाराकडंच बघणार. उलट उत्तर नाही, आळस नाही, कामाला नाही म्हणणं नाही. सांगितलं तेवढं करायचं आणि सांगितलं तसंच करायचं. पंचेचाळिशीचा बाप्या, पण डोक्यात देवानं काय भरलंय हे त्याच्या बायकोलाही अजून कळलं नव्हतं.

गावाचं नाव कवठेमाळ. तिथं निळकंठ तात्या राहायचे, निवृत्त पोस्टमास्तर. तात्यांना काडेपेट्यांचा नाद. पेटीवर चित्र चिकटवलेलं असतं ना, वाघ, मोर, कंदील, पैलवान, त्या लेबलांचा नाद. एकट्या तात्यांनाच असता तर घरच्यांनी कपाळावर हात मारून सोडून दिलं असतं. पण असे नादिष्ट महाराष्ट्रभर पसरलेले. अमरावतीत एक, चिपळुणात दोन, परभणीत तर अख्खं कुटुंब. त्या सगळ्यांचं मिळून काडेपेटी मंडळ, आणि मंडळाची एक वेबसाइट. ती चालायची तात्यांच्या माडीवरच्या कॉम्प्युटरवर. कुणाला लेबल सापडलं की त्यानं फोटो पाठवायचा. तात्या त्याखाली लिहायचे, कुठल्या कारखान्याचं, कुठल्या सालचं, कुणाला कुठं सापडलं.

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. अकरा हजार लेबलं झाली. त्यातली कितीतरी ज्यांनी पाठवली ती माणसं आता राहिली नाहीत, आणि त्यांच्या वह्या घरच्यांनी रद्दीत घातल्या. ती लेबलं आता फक्त तात्यांच्या माडीवर. दुसरी प्रत? ती कुणी काढलीच नव्हती. मंडळाला वाटायचं तात्यांनी काढली असेल. तात्यांना वाटायचं मंडळातल्या कुणीतरी काढली असेल. हौसेच्या कामाचं असंच असतं, सगळे राबतात आणि कुणीच विचारत नाही.

केरबाही मंडळात होता बरं का. त्याच्याकडं एकच पेटी होती, आणि तीही चूल पेटवायला लागायची. पण तात्या माडीवर हाक मारतील तेव्हा धावत येणारा गावात तोच एक.

तर झालं काय, तात्यांना चार दिवस लेकीकडं जायचं होतं. त्यांनी केरबाला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "मशीन चालू आहे. लक्ष ठेव. नजर हलवू नकोस."

"बरं तात्या," केरबा म्हणाला.

तात्या परत आले. मशीन बंद. पाठीमागची भिंत काळी. समोर केरबा, डोळे लाल, स्टुलावर तसाच.

"अरे, हे काय झालं?"

"परवा साडेदहाला धूर निघाला तात्या."

"मग?"

"मग बघितला. आधी पांढरा होता, मग काळा झाला. आधी बारीक होता, मग जाड झाला. पण नजर हलवली नाही. आईशप्पथ!"

तात्या मटकन खाली बसले. एकोणीस वर्षं गेली म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून मग ते ओरडले. "अरे केरबा, केरबा! धूर दिसला की आधी वायर ओढायची! मग आग आग म्हणून बोंब ठोकायची आणि गल्ली गोळा करायची!"

"बरं तात्या. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं. तीच तर पंचाईत.

इकडं वेबसाइट बंद पडल्याचं मंडळाला कळलं. अमरावतीच्या काकांना सकाळचा चहा गोड लागेना. परभणीच्या कुटुंबाला बघायला दुसरं काही राहिलं नाही, म्हणून ते एकमेकांकडं बघायला लागले आणि भांडणं सुरू झाली. शेवटी इंदूमावशी पुढं आल्या. तात्यांच्या शेजारच्या, शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या. त्यांनी ठरवलं, रोज दहा वाजता सगळ्यांनी फोनवर यायचं. एकानं आपल्या वहीतलं एक लेबल तोंडी सांगायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ते बघायचं. "नारिंगी जमीन, मधे हत्ती, सोंडेत कमळ," असं मावशी सांगायच्या, आणि पलीकडून अमरावतीचे काका म्हणायचे, "दिसला! दिसला!" लोकांना तेवढाच आधार.

दुसऱ्या दिवशी केरबा मावशींकडं ताक मागायला गेला. मावशी फोनवर बोलतायत. पाळण्यात दहा महिन्यांचा नातू नुकता झोपलेला. डास जावेत म्हणून कोपऱ्यात शेणीवर धूप घातलेला. केरबाला धूर दिसला. त्यानं आधी वायर ओढली. ती फोनची होती. मग अंगणात उभा राहून अशी बोंब ठोकली की माळावरची गुरं उधळली. गल्ली घागरी घेऊन धावत आली. धूप विझला, मावशी नखशिखांत भिजल्या, नातवानं जे भोकाड पसरलं ते जेवणवेळेपर्यंत.

"सांगितलं तसंच केलं तात्या," केरबा म्हणाला. "आधी वायर, मग बोंब."

"अरे केरबा, केरबा!" तात्यांनी कपाळ बडवलं. "माणूस झोपलेला असला की पाय न वाजवता जावं. कानाशी तोंड न्यावं. अगदी हळू, एकदाच सांगावं!"

"बरं तात्या. ध्यानात ठेवतो."

मशीन बघायला तालुक्याहून रफीक येणार होता. रफीक म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, मोठा गुणी माणूस. तो बाराच्या गाडीनं येणार, आणि गाडी आपल्या फाट्यावर मिनिटभरच थांबते. म्हणून तात्यांनी केरबाला फाट्यावर पाठवलं. "रफीकला उतरवून घे. मशीनचं काय ते आता तोच सांगेल रे बाबा."

गाडी आली. रफीक खिडकीला डोकं टेकून झोपलेला. केरबा चपला हातात घेऊन खिडकीखाली गेला, टाचा उंचावल्या, आणि कुजबुजला, "रफीकभाई, उतरा." एकदाच. कंडक्टरनं डबल घंटी दिली. गाडी गेली, रफीकही गेला. केरबानं तिला हात केला. रफीकला शेवटच्या थांब्यावर जाग आली, आणि तो उसाच्या ट्रॅक्टरवर बसून दिवस मावळायच्या सुमारास परत आला. केसांत पाचट, मनात शिव्या.

"अरे गाढवा!" तात्या म्हणाले. आता त्यांचा तोल सुटत चालला होता. "गाडी सुटायला आलीय, माणूस डोळे मिटून बसलाय, तर दोन्ही खांद्यांना धरायचं आणि गदागदा हलवायचं! डोळे उघडेपर्यंत सोडायचं नाही!"

"बरं तात्या."

रफीक मुक्कामाला राहिला. सकाळी त्यानं माडीवर मशीन खोललं. तात्यांना तिथं बघवेना. ते खाली देवघरात गेले, डोळे मिटले, हात जोडले. "देवा, मशीन जाऊ दे, ती अकरा हजार तेवढी राहू देत. मेलेल्या माणसांनी माझ्या भरवशावर ठेवलेली चीज आहे ती."

तेवढ्यात केरबा दूध घेऊन आला. बघतो तर तात्यांचे डोळे मिटलेले. दूध ठेवलं आणि दोन्ही खांद्यांना धरलं. आता पुढं काय झालं ते मी सांगायला नको. समई आडवी, घंटा पलंगाखाली, आणि तात्यांचा चष्मा नाकावरून सुटून, हवेत एक गिरकी घेऊन, फरशीवर. केरबा तो पडताना नीट बघत होता.

"अरे मेल्या, चष्मा पडत होता तेव्हा बघत काय उभा राहिलास? वस्तू पडायला लागली की झडप घालायची! मूठ गच्च आवळायची, जीव गेला तरी सोडायची नाही!"

"बरं तात्या," केरबा म्हणाला. "डोळे मात्र उघडले हो तुमचे."

त्याच वेळी माडीवरून रफीक ओरडला, "तात्या! मशीन गेलं, पण माल शाबूत आहे!" आणि त्यानं मशीनच्या पोटातून हार्ड डिस्क काढून आणली. तळहाताएवढी चपटी डबी. सगळी लेबलं तिच्यात. आता नवं मशीन आणायचं, ही त्यात बसवायची, की वेबसाइट सुरू. तात्यांनी रफीकला मिठीच मारली. मग एक डिंकाचा कागद घेतला, चष्मा नव्हता म्हणून मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, "सगळं यात आहे. जपा." आणि तो डबीवर चिकटवला. रफीक मशीन आणायला तालुक्याला गेला.

दोन दिवसांनी चिपळूणहून पाकीट आलं. वेबसाइट बंद, म्हणून तिथल्या बाईंनी तात्यांना बघायला खरी काडेपेटीच पाठवली होती. त्यांच्या आजोबांची. हिरव्या रंगावर नथ घातलेली मासोळी. दुसरी कुठंच नाही. केरबानं पाकीट फाडलं. पेटी घरंगळली. पडायला लागली! केरबानं झडप घातली आणि मूठ अशी गच्च आवळली, की पेटीची पार चटणी झाली. तात्या, मावशी, दोघांनी बोटं उघडायला जोर लावला तेव्हा कुठं सुटली.

यावेळी तात्या ओरडले नाहीत. ओरडून घसा बसला होता. त्यांनी केरबाला जवळ बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

"हे बघ केरबा. पेटी चेपली तर चेपू दे. आपल्या मंडळात पेटीला कुणी विचारत नाही. मोल असतं लेबलाला. परातीत कोमट पाणी घ्यायचं. पेटी त्यात पूर्ण बुडवायची आणि दोन तास हात लावायचा नाही. डिंक सुटतो. लेबल अलगद काढायचं, टिपकागदात ठेवायचं, वर पाटा ठेवायचा. आणि पेटी घरात ठेवायची नाही, झुरळं होतात. लांब नेऊन टाकायची. काय लक्षात ठेवशील?"

"लेबल ठेवायचं, पेटी टाकायची."

"शाबास! आता तूच कर."

आणि काय सांगू, केरबानं केलं! परात, कोमट पाणी, दोन तास, टिपकागद, पाटा. मासोळी नथीसकट सपाट होऊन बाहेर आली, एक सुरकुती नाही. पेटी त्यानं माळापलीकडच्या पडक्या विहिरीत टाकली. इंदूमावशींनी फोनवरून मंडळाला सांगितलं, मंडळानं टाळ्या वाजवल्या. तात्यांचा ऊर भरून आला. "केरबा, शिकलास रे! माणूस झालास!" केरबाला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. तो लाजला, आणि घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं.

सोमवारी तात्यांना तालुक्याला जायचं होतं. नवा चष्मा घ्यायचा आणि रफीकला मशीनसकट घेऊन यायचं. डबी बरोबर न्यावी, तर डोळ्यांना दिसत नाही, गाडीत हातातून पडली तर? मावशींकडं ठेवावी, तर नातू रांगतोय, हाताला लागेल ते आपटतोय. राहिला कोण? तात्यांनी विचार केला, आता शिकलाय. डबी त्यांनी केरबाच्या ओंजळीत ठेवली.

"केरबा, मंडळाचा सगळा जीव यात आहे. आपल्या मंडळात याहून मोलाची चीज नाही. जपशील ना?"

"जपतो तात्या."

"कशी?"

"मासोळी जपली तशी."

तात्या निश्चिंत मनानं गाडीत बसले.

दुपारी चारला तात्या, रफीक आणि मशीन असे तिघे आले. तात्यांच्या नाकावर कोरा चष्मा. इंदूमावशींनी फोन मधोमध ठेवला, पलीकडं अख्खं मंडळ कान लावून बसलेलं. परभणीच्या कुटुंबानं भांडण थांबवलं होतं. अमरावतीच्या काकांनी चहा मुद्दाम उशिरा ठेवला होता. रफीकनं वायरी जोडल्या आणि हात पुढं केला. "आणा डबी."

केरबा आतून आला. हातात पाटा. पाटा त्यानं हळूच खाली ठेवला, टिपकागद उलगडला, आणि दोन बोटांत धरून तो कागद तात्यांपुढं केला. तात्यांनी नव्या चष्म्यातून वाचलं. "सगळं यात आहे. जपा."

"हे... हे सुटलं कसं रे?"

"लई चिवट डिंक होता तात्या. दोन तासांत सुटेना, चार तास बुडवून ठेवली तेव्हा सुटलं. पण बघा, एक कोपरा फाटला नाही."

"आणि डबी?" रफीकनं विचारलं.

"टाकली की. मासोळीच्या पेटीवरच टाकली, विहिरीत. घरात ठेवून झुरळं कशाला?"

फोनमधून अमरावतीचे काका विचारत होते, "झाली का हो सुरू? दिसायला लागलं का?" तात्या खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडले. केरबाचे डोळेही भरून आले. आपण केलेलं काम बघून तात्यांना एवढा आनंद होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"रडू नका तात्या," तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तुमच्या हातचं लेबल आहे, जगात दुसरं नाही. करा सुरू वेबसाइट. पहिलं हेच लावू."