किरकोळ की मोठं?

एका पेठेत एक भडभुंजा राहत होता. त्याच्या हाताला अशी चव, की त्याचे फुटाणे खायला शेजारच्या गावची माणसं वाट वाकडी करून येत. जत्रा तोंडावर आली तेव्हा त्याने चौकातला एक गाळा भाड्याने घेतला.

पेठेचा रिवाज साधा होता. गाळ्याचं नुकसान किरकोळ असेल, तर दुरुस्ती भाडेकरूने करायची. मोठं असेल, तर मालकाने करायची आणि ती होईपर्यंत भाडं बंद. आणि गाळा पुन्हा उभाच राहण्यासारखा नसेल, तर करार संपला.

करार ठरला, विडा दिला-घेतला. तेव्हा पेठेचे महाजन म्हणाले, “किरकोळ कशाला म्हणायचं नि मोठं कशाला, ते आत्ताच ठरवून टाका.”

मालकाने कानांवर हात ठेवले. “शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! महाजन, आजच्या दिवशी मोडतोडीची भाषा कशाला?”

“खरंय,” भडभुंजा म्हणाला. मनात मात्र म्हणाला, ‘बरंच झालं! एक कौल सरकला तरी मी ते मोठंच म्हणेन.’ मालकही गालात हसला. आभाळ कोसळलं तरी त्याच्या लेखी ते किरकोळच ठरणार होतं.

एके दुपारी देवाला सोडलेला वळू चौकात आला. त्याच्या पाठीला खाज सुटली आणि गाळ्याचा कोपऱ्यातला खांब त्याला पसंत पडला. वळूने पाठ घासली, खांब वाकला, आढं कलंडलं आणि अर्धं छप्पर धाडकन खाली आलं. वळू समाधानाने निघून गेला. देवाचा वळू, भरपाई मागायची कुणाकडे?

मालकाने येऊन वर पाहिलं. “एवढंच होय? उलट उजेड छान येतोय.”

“शेठ, कावळे थेट कढईत उतरतायत!”

“मग त्यांना गिऱ्हाईक कर. किरकोळ आहे. तूच दुरुस्त कर.”

“किरकोळ? अहो, मोठं आहे, फार मोठं!”

दुसऱ्या दिवशी एक कापडवाला मालकाकडे आला आणि त्याच जागेसाठी जास्त भाडं कबूल करून गेला. मालक डोळे पुसत महाजनांकडे धावला. “गाळा गेला हो! आता तो काही उभा राहत नाही. करार संपला!”

हे भडभुंज्याच्या कानावर गेलं. ऐन जत्रेत जागा गेली, तर वर्षभर घरची चूल कशी पेटायची? तो धापा टाकत आला. “छे छे, किरकोळ आहे, महाजन! एक टेकू दिला की झालं!”

महाजन दोघांना गाळ्यापाशी घेऊन गेले. मालकाला म्हणाले, “कापडवाल्याला उघड्यावर बसवणार काय, शेठ?”

“उघड्यावर का? जत्रेच्या आत पक्कं छप्पर घालून द्यायचा शब्द दिलाय!” मालक तोऱ्यात बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

महाजन भडभुंज्याकडे वळले. “किरकोळ आहे ना रे? मग बोलाव गिऱ्हाइकं आत. आजचे फुटाणे माझ्याकडून.”

फुकट फुटाणे म्हटल्यावर काय विचारता! सगळी पेठ लोटली. भडभुंज्याने वर पाहिलं. आढं करकरत होतं. गप्प राहिलं तर गाळा वाचत होता. एक बाई पोर कडेवर घेऊन उंबऱ्यात पाय ठेवणार, तोच तो ओरडला, “मागं सरा, ताई! आत येऊ नका! मोठं आहे, फार मोठं!”

आणि तो मान खाली घालून उभा राहिला. गाळा गेला, असंच त्याला वाटलं.

“दोघांच्या तोंडून एकदाचं खरं निघालं,” महाजन म्हणाले. “नुकसान मोठं आहे, पण गाळा उभा राहण्यासारखा आहे. दुरुस्ती मालकाने करायची, तोवर भाडं बंद. आणि गाळा भडभुंज्याचाच.”

“आणि माझा कापडवाला?” मालक कळवळला.

“त्याला तुमच्या ओसरीवर बसवा, शेठ. ती तरी अजून शाबूत आहे.”

जत्रेच्या आत छप्पर झालं, कढई तापली, फुटाणे तडतडू लागले. आणि पेठेतल्या प्रत्येक करारात एक वाक्य वाढलं: ज्या छपराखाली गिऱ्हाईक बोलवायला आपलाच जीव धजत नाही, त्याचं नुकसान मोठं.

तात्पर्य लहानांना आणि त्याहून जास्त मोठ्यांना: मोडतोडीचं माप सगळं शाबूत असतानाच ठरवावं, मोडल्यावर जो तो आपल्या सोयीचा गज घेऊन येतो.