सटवाची गारठलेली हलगी

एकदा काय झालं, एका मुलखात दचकराव नावाचा राजा होता. मांजर शिंकलं तरी गादीखाली शिरायचा. ए शिरप्या, लाथा मारू नकोस. ऐकायचं तर नीट ऐक.

भिंतीवर स्वतःची सावली दिसली की त्याला वाटायचं, आला मारेकरी! मग जवळ जो उभा असेल तो फितूर. त्याला टाकायचं डोंगरातल्या भुयारात, वर शिळा लोटायची. आणि सटवा हलगीवाल्यानं त्याच्याच दारात दवंडी पिटायची.

आता हलगी गार असली की वाजत नाही, बरं का. विस्तवावर तापवली, कातडं ताणलं, की कडाडते. आणि तिथली रीतच अशी, की ज्याच्या दारात दवंडी, त्याच्याच चुलीवर हलगी तापवायची.

पहिल्यांदा सेनापती गेला. गुन्हा काय, तर जांभई दिली. राजा म्हणाला, "मला चावायला तोंड उघडलं!" सटवानं दवंडी दिली, "ऐका हो ऐका, सेनापती फितूर!" लोकांनी माना डोलावल्या. हलगी जरा बसकी वाजली. सटवा म्हणाला, हवा दमट असेल.

मग गेली आचारीण. खिरीत वेलदोडा जास्त पडला, राजाला वाटलं विष. तिच्या दारात पोरं रडत होती. हलगी वाजली ती ओल्या गोणपाटावर थापटल्यासारखी. सटवाला सगळं कळत होतं. पण जीव प्यारा! माना पुन्हा डोलल्या.

आणि मग गेली राही. राही म्हणजे सटवाचीच बायको. बाजारात हसून म्हणाली होती, "सावलीला भितो तर उन्हात कशाला जातो मेला?" राजाच्या हेरांनी ते ऐकलं.

राजा स्वतः पालखीत बसून आला. राहीचे हात बांधले होते. सटवा आपल्याच चुलीपुढं हलगी धरून बसला. जाळ धडधडत होता, पण हलगी बर्फासारखी गार.

राही म्हणाली, "अवो, बघताय काय? माझ्या चुलीवर खोटं शिजायचं नाही!"

मग सटवा उठला. ताठ उभा राहिला. म्हणाला, "माझी राही फितूर नाही. सेनापती नव्हता. आचारीण नव्हती. मीच खोटं ओरडलो." आणि हलगीवर थाप मारली.

अशी कडाडली म्हणता! डोंगर हादरला. भुयारावरची शिळा गडगडत खाली आली.

राजा किंचाळला, "धरा त्याला! हलगीलाही धरा!"

एक शिपाई म्हणाला, "सरकार, हलगीनंतर कोण? मी का?"

कुणी हललं नाही. एकही मान डोलली नाही. राजा पालखीतून उडी मारून पळाला. मागं बघतो तर सावली! आणखी जोरात पळाला. अजून पळतोय गाढव.

मग भुयारातली माणसं घरी आली. आचारिणीनं मूठभर वेलदोडा घालून खीर केली, सगळ्यांनी ओरपली. हलगी आता लग्नात वाजते.

उद्या तुम्हांला कुणी सांगेल, अमका फितूर, डोलवा मान. तेव्हा आधी हलगीला हात लावून बघायचं, तापलीय का. कळलं? मग मिटा डोळे. भिंतीवर हलतेय ती माझीच सावली आहे.