पलीकडचा धूर

मार्चात आंबेखोलच्या धक्क्यावर उतरणारे पाहुणे एक प्रश्न हटकून विचारतात. काजूचे बोंडू पिकून झाडाखाली सडा पडलाय, परवाने भिंतीवर टांगलेत, मग दारूच्या भट्ट्या थंड का? गावातले म्हातारे बाबल आजो खाडीपलीकडे बोट दाखवतात. तिकडे धूर दिसल्याशिवाय इकडे काडी ओढायची नाही, ही गावाची रीत. "सरकारचो परवानो कागदार," आजो म्हणतात, "आमचो त्या डोंगरार."

असं सांगतात की, दारूबंदी आली तेव्हा गावातल्या सगळ्या भट्ट्या फोडल्या गेल्या. पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य, तिथे दारू गाळायला आडकाठी नव्हती. शाणू भंडाऱ्याला भट्टीखेरीज दुसरं काही येत नव्हतं. दारू गाळायचं तांब्याचं मोठं भाण होडीत घालून तो निघाला. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायको द्वारका मागे राहिली. होडी सोडताना तो म्हणाला, "हंगामाक धूर दिसलो काय समज, मी आसय."

पुढे सरहद्दच बंद झाली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. उरला तेवढा धूर. बोंडू गळू लागले की द्वारकाचं जेवणातलं लक्ष उडे. धूर दिसला की ती म्हणे न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि धक्क्यावर येऊन बसायची. बायका चेष्टा करायच्या, "घोव घरात असान आमी इतक्या नटणव नाय." ती हसायची. घरी परतल्यावर मात्र तिला त्याच्या आठवणीने घर खायला उठे. अशी अकरा वर्षं गेली.

मग पलीकडचं राज्य गेलं, होड्या सुटल्या. पहिल्या होडीतून शाणूचा भागीदार इनास उतरला, एकटाच.

"वयनी, शाणू जावन सात वर्सा झाली. तापान गेलो. जाताना म्हणालो, धूर बंद करू नको."

सात वर्षं आपण परक्याच्या धुरासाठी नटत होतो, याचा द्वारकाला आधी संताप आला, मग रडू फुटलं. तिने इनासकडे पाठ फिरवली. तो खाली मान घालून होडीत बसला. होडी हलली तशी ती गुडघाभर पाण्यात गेली, म्हणे, आणि तिने विचारलं, "फुडल्या वर्सा पन लावतलस मां?"

नंतर इकडचा कायदाही सैलावला, परवाने मिळाले. पण द्वारकाला धूर दिसल्याशिवाय भट्टी पेटवायला कुणाचा हात धजला नाही. ती गेल्यावरही धजला नाही. आजही हंगामाला सगळं आंबेखोल पलीकडे डोळे लावून थांबतं. इनासच्या घरची भट्टी कधीच मोडली, त्याची नात तिकडे शाळेत शिकवते. बोंडू गळू लागले की ती एक दिवस रजा टाकते, डोंगरावर जाते आणि काजूचा पाला पेटवते.