दुमडीलगतचा काप

"मग यात खोट काय आहे, तेवढं तरी सांगा!"

ओजसचा आवाज चढला होता. फडतरे मास्तर बाकावर बसून त्याने आणलेलं कॅबिनेट न्याहाळत होते.

"खोट नाही," मास्तर म्हणाले.

"मग खूण का करत नाही?"

मास्तरांनी कापाच्या कडेवरून बोट फिरवलं.

कॉम्प्युटरचं साधं पत्र्याचं कॅबिनेट कापून, घासून, रंगवून देखणं कसं करायचं, ते मास्तर आपल्या घरच्या परसात शिकवायचे. शिष्याचं काम मनात भरलं की आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कानशीने एक बारीक खाच पाडायचे. ती मिळाली की शिकणं संपलं, पोरगा स्वतःच्या नावावर काम घ्यायला मोकळा. ओजस त्या एका खाचेपायी झुरत होता.

आणि का झुरू नये? बाजूच्या पत्र्यात त्याने खिडकी कापली होती, ती थेट कडेच्या दुमडीला भिडवून. इतरांच्या खिडकीभोवती पत्र्याची रुंद पट्टी उरायची. याच्या खिडकीला पट्टी नावालाही नव्हती. नुसती काच.

"दिगूला जन्मात जमलं नसतं हे," ओजस बोलून गेला.

मास्तरांनी मान वर केली.

दिगू त्याच्याच बरोबरीने शिकणारा. गेल्या थंडीत इथेच, याच बाकापाशी, पत्रा कापायच्या ग्राइंडरची चकती फुटली आणि दिगूच्या उजव्या हाताची बोटं गेली. चकतीवरचं लोखंडी झाकण, गार्ड, बाकाखाली पडलेलं सापडलं. ते त्यानेच काढलं असणार, म्हणून सगळ्यांनी दिगूलाच बोल लावला. ओजसही म्हणाला होता, "कितीदा सांगितलं त्याला, ऐकेल तर शपथ!" दिगूने वाद घातला नाही. मी बघून हातात घ्यायला हवं होतं, एवढंच म्हणाला.

"ग्राइंडर घे," मास्तर म्हणाले.

ओजसने घेतला.

"वायर लावू नकोस. नुसती चकती टेकव. जिथं कापलंस तिथं."

ओजसने पत्रा आडवा केला, चकती आतून दुमडीकडे सरकवली. गार्ड दुमडीला अडलं. चकती कापापासून दोन बोटं लांबच राहिली. त्याने ग्राइंडर कलता केला, उलटा धरला. गार्ड पुन्हा अडलं.

"टेकत नाही," मास्तर म्हणाले. "कुणाचीच टेकत नाही. म्हणून पट्टी उरते."

ओजसने ग्राइंडर खाली ठेवला.

"गार्ड मी परत लावणार होतो, मास्तर..."

"मग?"

"त्या दिवशी काप इतका सरळ आला होता... उजेडात फोटो काढायला अंगणात गेलो. तेवढ्यात दिगूनं..."

दिगूची किंकाळी ऐकली तेव्हा मोबाइल त्याच्या हातातच होता. लाज वाटली होती त्याला तेव्हाही. पण सगळे दिगूला बोलू लागले आणि त्या लाजेला आयती पळवाट मिळाली.

"दवाखान्यात मी त्याला मूर्ख म्हणालो," मास्तर म्हणाले. "त्याच्या आईदेखत. आणि तू खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मान हलवत होतास."

त्यांनी कानस उचलली. पत्रा मांडीवर घेतला आणि आतल्या बाजूला सावकाश खाच पाडली. फुंकर मारून कीस उडवला.

"काम चोख आहे. घेऊन जा."

जिच्यासाठी जीव टाकला, ती खाच समोर होती आणि ओजसला तिच्याकडे बघवेना.

"नको मास्तर, ही नको. तुम्ही मारा मला, हाकलून द्या..."

मास्तर कानस पुसत राहिले.

"मी दिगूकडे जातो," ओजस रडवेला झाला. "आत्ताच जातो. हात जोडून माफी मागतो त्याची."

"जा," मास्तर म्हणाले. "पण हात जोडू नकोस. त्याला उलट नमस्कार करता येत नाही."